गुडघेदुखीवर बिनऔषधी उपाय



गव्हाची कापणी उरकून माल मंडीत गेला की आपल्या धार-देवासच्या गावांत दुखण्यांना तोंड फुटते. वर्षभर कामाच्या रेट्यात दाबून ठेवलेली गुडघ्याची, कंबरेची, खांद्याची तक्रार याच दिवसांत वर येते, कारण हाती चार पैसे असतात आणि थोडी सवडही असते. मग कोणी इंदूरला जाऊन मशीनचा शेक घेतो, कोणी बाजाराच्या दिवशी जडीबुटीच्या पुड्या आणतो, कोणी इंजेक्शन टोचून घेतो, तर कोणी अजूनही तापल्या सळईने गुडघ्यावर डाग देववून घेतो. जूनमध्ये पेरणी दाराशी येते तेव्हा पैसे संपलेले असतात आणि गुडघा होता तिथेच असतो.

या पानावर आम्ही यावेळी गुडघ्याच्या झिजेवरील बिनऔषधी उपचारांचा विचार करणार आहोत. ज्याला डॉक्टर ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात आणि आपण सांध्यांची झीज म्हणतो, तेच हे दुखणे. यावरचे सर्वांत गुणकारी उपाय घरच्या घरी, जवळजवळ फुकट करता येतात. मात्र ते रोज करावे लागतात. ज्याला पैसे मोजावे लागतात त्यावर आपला विश्वास लवकर बसतो आणि जे फुकट असते ते आपण आठ दिवसांत सोडून देतो. हीच यातली खरी अडचण आहे.

सांध्यात बिघडते काय?

एक्स-रे पाहून डॉक्टर पुष्कळदा सांगतात, "गॅप कमी झाला आहे, ग्रीस संपले आहे." समजावयास सोपे म्हणून ते तसे सांगतात. पण ऐकणाऱ्याची समजूत होते की गुडघा हे मोटारीचे बेअरिंग आहे, जेवढे चालवाल तेवढे झिजेल, म्हणून आता त्याला विश्रांती द्यावी. ही समजूत फार नुकसान करते. बेअरिंग निर्जीव असते, सांधा जिवंत असतो. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातल्या पातळ द्रवातून होते. स्पंज दाबला आणि सोडला की तो पाणी शोषतो, त्याप्रमाणे सांधा वाकला, त्यावर भार आला आणि गेला, की हा द्रव कूर्चेत खेळतो. सांधा हललाच नाही तर कूर्चा उपाशी राहते.

मोटारीचीच उपमा द्यायची तर ती फाउंडेशनच्या बोल्टांची द्यावी. विहिरीवरच्या पंपाचे बोल्ट ढिले झाले की सगळा पंप थरथरतो आणि चांगले बेअरिंगही लवकर जाते. गुडघ्याचे बोल्ट म्हणजे मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायू. पाऊल टेकताना बसणारा हिसका तो आधी झेलतो. गुडघा दुखू लागला की माणूस तो पाय जपतो, त्यामुळे हा स्नायू वाळतो. तो वाळला की हिसका थेट सांध्यावर बसतो आणि गुडघा जास्त दुखतो, मग माणूस पाय आणखी जपतो. हे रहाट उलटे फिरवणे म्हणजेच गुडघ्याचा उपचार. एक्स-रेमध्ये पुष्कळ झीज दिसत असूनही दिवसभर शेतात राबणारी माणसे असतात आणि थोड्या झिजेने खाट धरणारीही असतात. हा फरक बऱ्याच अंशी स्नायूंचा असतो. म्हणून नुसत्या फोटोवरून घाबरून जाऊ नये.

दुसरी एक भीती 'गठिया'ची असते. पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन चार हजारांवर प्रौढ माणसांची पाहणी केली होती. तेथे शंभरातील अठरा जणांना सांध्यांचे, स्नायूंचे किंवा कंबरेचे कोणते ना कोणते दुखणे आढळले. सांध्यांची झीज शंभरात सुमारे सहा जणांना होती. ज्याला खरा आमवात म्हणतात, ज्यात बोटांचे सांधे सुजतात व वाकडे होतात, तो मात्र दोनशेत एखाद्यालाच होता. तेव्हा गुडघा दुखला की गठिया झाला, असे धरून चालण्याचे कारण नाही.

व्यायाम

हे व्यायाम शहरात फिजिओथेरपी शिकलेले लोक शिकवतात. पण त्यांतले मुख्य तीन इतके साधे आहेत की ते येथे सांगता येतात.

पहिला अगदी सुरुवातीचा, ज्यांना पाय हलवणेही जड जाते त्यांच्यासाठी. पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी आणि गुडघ्याने ती गुंडाळी खाली दाबावी. मांडी दगडासारखी घट्ट होते. पाच अंक मोजेपर्यंत दाबून सोडावे. असे दहा वेळा, सकाळी व संध्याकाळी करावे.

दुसऱ्यात उताणे निजावे. एक गुडघा वाकवून पाऊल जमिनीवर ठेवावे आणि दुसरा पाय सरळ ताठ ठेवून दीड वीत वर उचलावा. पाच अंक मोजावेत व सावकाश खाली आणावा. पाय धपकन सोडू नये, कारण खाली आणतानाच स्नायूला खरे काम पडते. दोन आठवड्यांनी हे सोपे वाटू लागले की कापडी पिशवीत अर्धा किलो वाळू किंवा गहू भरून ती घोट्यावर बांधावी. पुढे एक किलोपर्यंत जावे.

तिसरा व्यायाम खुर्चीवरून उठण्याचा. खाट यासाठी चालत नाही, कारण ती मध्ये खोल जाते. खुर्ची, ओटा किंवा चर्चमधील बाक चांगले. हात छातीवर घडी घालून, कशाला न धरता, सावकाश उठावे आणि त्याहून सावकाश बसावे. आठ-दहा वेळा पुरे. सुरुवातीला जमत नसेल तर बैठकीवर घोंगडी घालून ती उंच करावी. आमच्या मते तिघांत हाच सर्वांत मोलाचा, कारण बैलगाडीतून उतरणे, शौचास जाऊन उठणे, डोक्यावर भारा घेऊन उभे राहणे, या सगळ्यांत हेच बळ लागते.

"पण आम्ही दिवसभर शेतातच असतो, आम्हाला निराळा व्यायाम कशाला?" असा प्रश्न येणारच. शेतकामात कष्ट पुष्कळ असतात, पण ते एकसारखे नसतात. निंदणीच्या दिवसांत आठ-आठ तास गुडघा दुमडलेला राहतो आणि मांडीचा पुढचा स्नायू नुसता ताणून बसतो. भारा उचलताना एकदम हिसका बसतो. स्नायूला हळूहळू, थोडे थोडे वाढवत बळ द्यावे लागते. कामाने ते मिळतेच असे नाही.

किती दुखले तर थांबावे? व्यायाम करताना थोडे दुखणे चालते. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा आदल्या सकाळपेक्षा जास्त दुखत किंवा सुजलेला असेल, तर प्रमाण निम्मे करावे. बंद मात्र करू नये. आणि घाई करू नये. गुण दिसायला सहा आठवडे ते तीन महिने लागतात. म्हणून आमचे सांगणे असे की एप्रिलमध्ये सुरुवात करावी, म्हणजे जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात सोयाबीनची पेरणी येईपर्यंत पायांत बळ आलेले असेल. सपाट वाटेवर रोज अर्धा तास चालणेही याच खात्यात जमा होते.

ज्यांचे वजन जास्त आहे त्यांनी ते उतरवावे. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वजन एक किलोने कमी झाले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो असे दिसले. पण आपल्याकडे अंगाने वाळलेल्या पुष्कळ बायकांचे गुडघे दुखतात. त्यांना 'वजन कमी करा' हा सल्ला लागू नाही. त्यांनी पोटभर जेवावे आणि डाळ, दूध, अंडी वाढवावीत. स्नायू अन्नातूनच बनतो.

शेक, मशीन आणि मालीश

शेकाने आखडलेला सांधा सैल होतो व वेदना काही तास कमी होते. गरम पाण्याची पिशवी, तव्यावर तापवलेली मिठाची किंवा वाळूची पुरचुंडी, यांतले काहीही पंधरा-वीस मिनिटे पुरते. व्यायामाच्या आधी शेकले तर दुहेरी फायदा. तेलाच्या मालिशीचेही तेच. गुडघा सुजून गरम लागत असेल तेव्हा मात्र शेकू नये. तेव्हा माठातल्या गार पाण्याचा कपडा किंवा टॉवेलात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे ठेवावा. ज्यांना शुगर आहे त्यांच्या पायांची जाणीव कमी झालेली असते. कातडी भाजली तरी त्यांना कळत नाही. त्यांनी शेकाची पिशवी दुसऱ्याच्या कोपराला लावून पाहिल्याशिवाय वापरू नये, आणि तापली वीट तर मुळीच नको. डाग देण्याविषयी इतकेच सांगतो की, एका जागी भाजल्याने दुसऱ्या जागेची वेदना घटकाभर विसरली जाते. सांध्याला त्याचा काही उपयोग होत नाही आणि जखम पिकली तर पाय जाण्याची वेळ येते.

आता मशीनविषयी. शॉर्टवेव्हचा शेक, अल्ट्रासाउंड, विजेच्या मुंग्या आणणारी टेन्स यंत्रे, अशा उपचारांच्या दहा-दहा बैठका सांगितल्या जातात. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य-मार्गदर्शन संस्थेने, म्हणजे नाईसने, २०२२ साली या दुखण्यासाठी नियमावली काढली. तीत ही विजेची यंत्रे देऊ नयेत असे म्हटले आहे आणि व्यायाम मात्र प्रत्येक रुग्णाला शिकवावा असे म्हटले आहे. अमेरिकेतील संधिरोगतज्ज्ञांच्या संस्थेनेही २०१९ साली टेन्सच्या विरुद्ध आणि व्यायाम, वजन, काठी यांच्या बाजूने स्पष्ट मत दिले. मशीनने कोणाला बरे वाटतच नाही असे आमचे म्हणणे नाही. तास-दोन तास बरे वाटते. पण त्यासाठी एका माणसाची मजुरी, बसभाडे आणि बैठकीचे पैसे जातात. म्हणून कोणी दहा बैठका सांगितल्या तर आधी विचारावे, "मला घरी करायचे व्यायाम शिकवाल का?" शिकवणारा माणूस चांगला समजावा. शिवाय शरीरात पेसमेकर किंवा धातूची पट्टी असेल तर शॉर्टवेव्हचा शेक घेऊ नये.

काठीकडे आपण म्हातारपणाचे लक्षण म्हणून पाहतो आणि टाळतो. आणि जे लाठी घेतात ते बहुधा दुखऱ्या पायाच्याच बाजूला धरतात. ती दुसऱ्या हातात धरावी. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात, आणि दोन्ही एकदम पुढे टाकावीत. काठीची मूठ, हात खाली सोडला असता, मनगटाच्या घडीला लागेल इतक्या उंचीवर असावी. एवढ्या बदलाने गुडघ्यावरचा बराच भार हातावर जातो. खालच्या टोकाला रबर बसवावा, नाहीतर काळ्या मातीच्या चिखलात ती रुतते आणि फरशीवर घसरते. गुडघ्याला घालायची लवचिक पट्टी ऊब देते व धीर देते, झीज थांबवत नाही. ती रात्री काढून ठेवावी.

बसण्या-उठण्याचा विचार

चीनमधील बीजिंग येथे झालेली एक पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. तरुणपणी रोज तासन्‌तास उकिडवे बसणाऱ्यांत म्हातारपणी गुडघ्याची झीज जास्त आढळली. आपल्याकडे स्वयंपाक, धुणे, दूध काढणे, निंदणी, शौच, सारे उकिडवेच. त्यातले जे उंचावर नेता येईल ते न्यावे. गॅसची शेगडी जमिनीवरून ओट्यावर ठेवावी. दूध काढताना बुटके स्टूल घ्यावे. शौचालयाच्या भांड्यावर ठेवायची, मध्ये भोक असलेली खुर्ची बाजारात मिळते, सुतार किंवा वेल्डरही ती करून देतो. घरातल्या म्हाताऱ्या आईसाठी यापेक्षा उपयोगी वस्तू आम्हाला सुचत नाही. पुष्कळ बायका शौचास बसता-उठता येत नाही म्हणून पाणी कमी पितात, आणि त्यातून दुसरीच दुखणी उभी राहतात.

शेतातले म्हणाल तर, भोपाळला १९७६ साली स्थापन झालेली केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था आहे. तिने दोन चाकांचे हातकोळपे तयार केले आहे, जे उभ्याने ढकलत-ओढत चालवायचे असते. ओळीत पेरलेल्या पिकात, जमीन वाफशावर असताना, ते चांगले चालते. चिखलात किंवा कडक ढेकळांत चालत नाही. उभ्याने बी टोकण्याचे अवजारही या संस्थेने काढले आहे. धार व देवास दोन्ही जिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रे आहेत. अशा अवजारांची चौकशी तेथे करावी. एक कोळपे दोन-तीन घरांत मिळून घेतले तरी चालते. ओळींमधले तण कोळप्याने किंवा डोऱ्याने काढले की खुरप्याने बसून काढण्यासाठी फक्त रोपांमधले उरते. तेही एका बैठकीत न करता अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. बोटांचे सांधे दुखत असतील तर विळ्याच्या मुठीवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून ती जाड करावी. बारीक मूठ आवळून धरताना अंगठ्याच्या मुळाशी फार ताण येतो.

धारच्या पाण्याची गोष्ट

सगळेच आखडणे झिजेचे नसते. धार जिल्ह्यातील कित्येक गावांच्या हातपंपांना व बोअरवेलना फ्लोराइड जास्त आहे. खोल खडकातले पाणी जितके वर्षानुवर्षे प्यावे, तितके ते हाडांत साठते. हाडे जड होतात आणि सांध्यांचे बंध कडक होत जातात. भारतात हा रोग प्रथम १९३७ साली नेल्लोरकडे ओळखला गेला. आपल्याकडे पुष्कळ वर्षे त्याला वातच समजले जाई.

तो ओळखायच्या तीन साध्या खुणा आहेत. गुडघे न वाकवता जमिनीवरचे नाणे उचलता येते का? हनुवटी छातीला लागते का? दोन्ही हात डोक्यामागे नेऊन जुळतात का? तरुण किंवा मध्यम वयाच्या माणसाला हे जमत नसेल, मान आणि पाठ लाकडासारखी झाली असेल आणि त्याच घरातल्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे असतील, तर आधी पाणी तपासून घ्यावे. एक लिटर पाण्यात एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड ठीक, दुसरे पाणी नसेल तर दीडपर्यंत चालवून घेतात. त्यापुढचे पाणी पिऊ नये. उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. तुरटी व चुना घालून ते कमी करण्याची रीत नागपूरच्या नीरी संस्थेने १९७०च्या दशकात बसवली, पण तिचे माप नेमके लागते. सर्वांत सोपे म्हणजे छपरावरचे पावसाचे पाणी झाकलेल्या टाकीत धरून ते पिण्यास व स्वयंपाकास ठेवणे. देवास जिल्ह्यात २००६ पासून शेतकऱ्यांनी आपापल्या जमिनीत हजारो तळी खोदली. ती पिकासाठी असली तरी पावसाचे पाणी धरून ठेवता येते हे त्यांनी सिद्ध केले आहे. पाणी न बदलता नुसते व्यायाम केले तर अशा माणसाला गुण येणार नाही.

डॉक्टरकडे केव्हा जावे

सांधा एकाएकी लाल, गरम होऊन ताप आला, तर त्याच दिवशी जावे. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून अधिक वेळ सांधे आखडलेले राहत असतील, दोन्ही हातांची बोटे सुजत असतील, रात्री झोपमोड होईल इतके दुखत असेल, वजन घटत असेल, किंवा गुडघा मध्येच अडकत असेल, तरी दाखवावे. चिकनगुनिया होऊन गेल्यावर सांधे महिनोन्‌महिने दुखू शकतात, तेही सांगावे.

पुड्यांबद्दल एक सावधगिरी. दोन दिवसांत चमत्कारासारखा गुण देणाऱ्या पुडीत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. चेहरा सुजू लागतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. पण महिनोन्‌महिने घेतलेली अशी पुडी एकदम बंद करणेही धोक्याचे असते. ती बरोबर घेऊन डॉक्टरांना दाखवावी आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू सोडावी.

आपल्यातील वडीलधारी माणसे मिस्सामध्ये गुडघे टेकता येत नाहीत म्हणून मागच्या बाकावर बसतात, काही जण तर येणेच टाळतात. प्रायश्चित्तकाळात क्रूसाच्या वाटेच्या चौदा स्थानांवर चौदा वेळा गुडघा टेकण्याचा हट्ट धरून दुसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळणारेही आहेत. ख्रिस्तसभेच्या उपासनेच्या नियमांतच प्रकृती ठीक नसलेल्यांना गुडघे टेकण्याची सक्ती नाही. त्यांनी उभे राहावे आणि धर्मगुरू गुडघा टेकून वंदन करतात तेव्हा वाकून नमन करावे, असे तेथे सांगितले आहे.

केंद्र सरकारचा वृद्धांच्या आरोग्याचा कार्यक्रम २०१०-११ साली सुरू झाला. त्यात जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीची सोय धरलेली आहे, तेव्हा आधी आपापल्या जिल्हा रुग्णालयात विचारावे. इंदूरला महाराजा यशवंतराव रुग्णालय आहेच. जाताना जुना एक्स-रे, चालू गोळ्यांची पाकिटे आणि वापरात असलेली काठी बरोबर न्यावी, म्हणजे तिची उंचीही तेथेच पाहून घेता येईल.